पत्रकातला 'अडाणी' हा शब्द आधी खोडा

तालुका आरोग्य जनजागृती समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,
स. न. वि. वि.

तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल, आणि तुमच्याशी माझं वैर नाही. सांगली जिल्ह्यातल्या काय किंवा शेजारच्या साताऱ्यातल्या काय, दुसऱ्या कुठल्या तालुक्याची समिती असती तरी पत्रक बहुधा असंच निघालं असतं. म्हणून हे उघड लिहिते आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही पावसाळ्याच्या तोंडावर सर्पदंशाबद्दलचं पत्रक घरोघर वाटलंत. मागच्या बाजूला 'सत्य घटना' अशी चौकट आहे. 'वारणाकाठच्या एका गावातील अडाणी कुटुंबाने सर्पदंश झालेल्या इसमास दवाखान्यात नेण्याऐवजी मांत्रिकाकडे नेले. अंधश्रद्धेने त्याचा बळी घेतला.' गोष्ट एवढीच. नाव नाही, गाव नाही, पण आमच्या गावात ती कुणाची हे सगळ्यांना कळलं. तो इसम माझा धाकटा दीर. मी त्याच घरात राहते आणि बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे.

पत्रक माझ्या नातवाने मोठ्याने वाचलं. तो सहावीत आहे, हातात येईल ते वाचत असतो. सासूबाई सोप्यात वाकळ शिवत बसल्या होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, "अडाणी म्हंजे आमीच का?" कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार नव्हता, अमावास्या नव्हती, तरी त्या काठी टेकत त्याच देवळात जाऊन तेल घालून आल्या. गेली दोन वर्षं त्यांनी तिकडे जाणं सोडलं होतं. तुमच्या पत्रकाने त्यांना परत तिथे नेलं. कसं नेलं, ते समजून घ्या एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी १९९४ ची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या चौकटीत नाही आणि तिच्याशिवाय २०१८ ची रात्र कळत नाही. १९९४ च्या पावसाळ्यात भाऊजींना पान लागलं. (आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, आणि चावलं तर पान लागलं म्हणतात.) काळपट अंगावर पांढरे पट्टे असलेलं जनावर होतं. शेजारच्या वाडीत देऊळ आहे, तिथले देवऋषी विष उतरवत. भाऊजींना तिथे नेलं, रात्रभर जागवलं, कडुनिंबाचा पाला चावायला दिला, अंगारा लावला. सकाळी ते चालत घरी आले आणि दुपारी औताला गेले. सासूबाईंनी नवस फेडला. साऱ्या गावाने हे पाहिलं होतं, नवी नवरी म्हणून मीही पाहिलं होतं.

ते जनावर बहुधा कवड्या होतं. कवड्या बिनविषारी. तो मण्यारीसारखा इतका दिसतो की कंदिलाच्या उजेडात जाणकारही फसेल. हे मला कळायला पुढची चोवीस वर्षं लागली.

२०१८ च्या जुलैत भाऊजी गोठ्याशेजारी जमिनीवर झोपले होते. रात्री दोनच्या सुमारास मनगटाला काही टोचल्यासारखं झालं म्हणून उठले, तर तसंच पट्ट्यांचं जनावर भिंतीकडे सरकताना दिसलं. सूज नाही, आग नाही, रक्त नाही. मला म्हणाले, "वहिनी, काय न्हाई, कवड्या हुता." तोवर सर्पमित्रांच्या व्याख्यानामुळे त्यांना कवड्या हा शब्द माहीत झाला होता, एवढाच काय तो फरक. ती मण्यार होती. मण्यार बहुतेक रात्रीच चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, तिचे दात बारीक असतात, खूण दिसेलच असं नाही, दुखेलच असंही नाही. विषाची लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसू लागतात.

मी गाडी काढायला सांगितलं. सासूबाईंनी देवळात न्यायला सांगितलं. मग मी जे बोलले ते तुमच्या पत्रकातलंच वाक्य होतं, तुमच्या आधी सात वर्षं. म्हणाले, "हा अडाणीपणा बंद करा, मी शाळेत विज्ञान शिकवते." सासूबाई म्हणाल्या, "तुजी पुस्तकं तुज्यापाशी ऱ्हाऊंदेत. माज्या लेकराला एकदा देवानं माघारी दिलाय." भाऊजींनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाडीकडे निघाले. त्या वाक्याने मी त्यांना माझ्यापासून लांब ढकललं. ते मला आजही ऐकू येतं, म्हणून तो शब्द छापलेला पाहून मला राहवत नाही.

देवळात ते बोलत होते. पाला कडू लागतो म्हणाले, म्हणजे विष नाही असं ठरलं. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. पापण्या मिटू लागल्या, उचलता येईनात, जीभ जड झाली. तेव्हा जीप आली. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष होतं, ते द्यायला डॉक्टर हजर नव्हते, पुढे जा म्हणून सांगितलं. पुढच्या मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, श्वासासाठी नळी घातली. दुपारी बाराच्या आत ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

आता गावाने यातून काय पाहिलं, ते बघा. देवळात होता तोवर बोलत होता. दवाखान्यात सुई टोचली आणि गेला. हे दोन्ही खरं आहे. यात कुणी खोटं बोलत नाही. वाडीच्या देवळात आजवर जेवढे नेले त्यांतले बहुतेक वाचले, हेही खरं. कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापाच्याही काही दंशांत विष आत जातच नाही. देवऋषी असोत वा नसोत, ती माणसं वाचणारच होती. ज्याला खरोखर विष चढतं त्याला शेवटच्या तासाला दवाखान्यात हलवतात आणि तो तिथे दगावतो. वाचलेले सगळे देवळाच्या खात्यावर जमा होतात, गेलेले दवाखान्याच्या. तिसऱ्या वर्गातलं पोरही अशा हिशेबावरून देऊळच निवडेल. याला अडाणीपणा कसा म्हणायचा? डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यावरून काढलेला हा निष्कर्ष आहे. चुकीचा आहे, पण काढलेला आहे, आणि काढलेला निष्कर्ष माणूस सहज टाकत नाही.

तुमच्या पत्रकाबद्दल माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. तुम्ही 'मंत्राने विष उतरत नाही' असं लिहिलंत आणि थांबलात. मग १९९४ साली भाऊजी वाचले कसे? २०१८ साली पहाटेपर्यंत बोलत होते ते कसे? या दोन प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर नसेल तर सासूबाईंचं उत्तर जागेवरच राहणार.

निवृत्तीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. एक प्रयोग वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. अमेरिकेत १९९४ साली, म्हणजे आमच्या घरात नवस फिटला त्याच साली, हॉलिन जॉन्सन आणि कोलीन सायफर्ट या दोघींनी तो प्रसिद्ध केला. माणसांना एका गोदामाच्या आगीच्या बातम्या तुकड्यातुकड्याने वाचायला दिल्या. आधी सांगितलं की खोलीत रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. नंतर सांगितलं की ते चुकीचं होतं, खोली रिकामी होती. लोकांनी दुरुस्ती वाचली. विचारलं तर दुरुस्ती आठवतेसुद्धा. पण धूर एवढा काळा का होता, आग एवढी का भडकली, असं विचारलं की पुन्हा रंग आणि गॅस यांच्याकडेच वळत. आगीला कारण हवं होतं, आणि दुरुस्तीने कारण काढून नेलं, बदल्यात दिलं काही नाही. ज्या गटाला 'खोली रिकामी होती, आणि आग कुणीतरी लावल्याच्या खुणा सापडल्या' असं दुसरं कारण मिळालं, त्या गटात रंगाच्या डब्यांचा आधार घेणं बरंच कमी झालं.

घराचा खांब काढायचा तर आधी टेकू द्यावा लागतो, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. तुमच्या पत्रकात सहा 'गैरसमज' आहेत आणि सहांपुढे 'हे चूक आहे' एवढंच. टेकू एकालाही नाही.

कडुनिंबाचंच घ्या. 'कडुनिंबाचा पाला खाऊ घालू नये' असं तुम्ही लिहिलंत. का, ते नाही. मण्यारीचं विष नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं, म्हणून पापणी पडते, जीभ अडखळते, शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास थांबतो. चव सांगण्याचं काम त्या निरोपाचं नाही. विष चढत असतानाही पाला कडूच लागेल. हे चार ओळींत मावतं. आमच्या गल्लीतल्या पाच बायकांना मी हे पापणीवर बोट ठेवून सांगितलं. त्यांतली एक म्हणाली, "मग आमच्या चुलत्याला बी कडू लागला हुता." तिचा चुलता गेला होता. तिने स्वतःच दोन गोष्टी जोडल्या. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

दुसरी तक्रार छपाईची आहे, ऐकायला किरकोळ वाटेल. तुमच्या पत्रकावर 'मंत्राने सापाचे विष उतरते' हे वाक्य लाल, ठळक, बोटभर अक्षरांत आहे. खाली 'असे समजणे चूक' हे बारीक. लांबून दिसतं काय? एस. टी. स्टँडवरच्या फलकावर तर खालची ओळ पिंपामागे गेली आहे. एखादं वाक्य पुन्हापुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी विद्यार्थ्यांवर तपासून दाखवलं. २००५ साली स्कर्निक आणि सहकाऱ्यांना वृद्ध माणसांबद्दल आढळलं ते तर तुमच्या कामाचंच आहे. 'हे खोटं आहे' असं अनेकदा सांगितलेली विधानं तीन दिवसांनी त्यांना खरी म्हणून आठवत होती. विधान ओळखीचं झालं होतं, खोटेपणाचा शिक्का विसरला होता. सासूबाईंच्या वयाची माणसं तुमचं पत्रक ऐकतात, वाचत नाहीत. त्यांच्या कानात काय उरेल, याचा विचार करूनच पहिली ओळ लिहायला हवी.

मध्यंतरी मी हेही वाचलं होतं की दुरुस्ती केली की माणूस उलट जास्तच अडून बसतो, म्हणून काही बोलूच नये. २०१० साली नायहन आणि रायफ्लर यांच्या अभ्यासात राजकीय विधानांबद्दल तसं काही दिसलं होतं, आणि ते फार गाजलं. मी त्यावर विश्वास ठेवून वर्षभर गप्प बसले. पुढे वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांवर माणसांना पन्नासहून अधिक विषयांवर दुरुस्त्या देऊन पाहिलं. २०१९ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला की असं उलटणं जवळजवळ सापडतच नाही. नीट सांगितलं तर माणूस थोडा तरी हलतो. म्हणजे माझं वर्ष फुकट गेलं. हे एवढ्यासाठी सांगते की 'लोक सुधारायचेच नाहीत' असं तुमच्या बैठकीत कुणी म्हणालं, तर त्यालाही पुरावा विचारा.

तिसरी तक्रार त्या शब्दाची, आणि ती सांगताना मला अवघड जातं आहे.

सासूबाईंनी 'देवळात न्यायला नको होतं' असं कबूल करणं म्हणजे काय कबूल करणं, याचा विचार केलात का? आपल्या हाताने आपण लेक घालवला, असं एका आईने म्हणायचं. गेलेला माणूस त्याने परत येणार नाही. मग मन दुसरी वाट शोधतं: जीपमध्ये बसताना उंबऱ्याला पाय लागला, वाटेत विटाळ झाला, सुईनेच घात केला. लिओन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली या ओढाताणीवर मोठा सिद्धांत मांडला, आणि त्याच्या मुळाशी आपल्याच देशातली एक नोंद आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. जिथे धक्का बसला पण पडझड झाली नाही, तिथे 'याहून मोठा प्रलय येतोय' अशा अफवा जोरात होत्या. भीती आधीच मनात होती, तिला शोभेल असं कारण लोकांनी शोधलं. सासूबाईंच्या मनात अपराध आहे. त्याला सोसवेल असं कारण त्यांनी शोधलं. अशा बाईच्या तोंडावर 'अडाणी' आणि 'बळी' हे शब्द फेकले की तिला ते कारण आणखी घट्ट धरावं लागतं. तेल घालायला त्या गेल्या त्या यामुळे.

त्याआधीची दोन वर्षं त्या का गेल्या नव्हत्या, तेही सांगते. एका दुपारी मी त्यांना म्हणाले, "आत्या, त्या रात्री तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांसमोर १९९४ साली खरं ठरलं होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तेव्हाचं जनावर वेगळं होतं, एवढंच आपल्याला ठाऊक नव्हतं." त्या खूप वेळ रडल्या. मग विचारलं, "वेगळं म्हंजे कसलं?" पाच वर्षांत त्यांनी मला सापाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. आधी त्यांच्यावरचं ओझं उतरलं, मग कान उघडले.

चौथी गोष्ट कायद्याची. पत्रकाच्या तळाशी तुम्ही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची धमकी छापली आहे. तो कायदा मला प्राणाइतका मोलाचा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हे त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. रोखणाऱ्यावर तो जरूर चालवा. पण पत्रकात तुम्ही तो घाबरलेल्या घरच्यांवर रोखला आहे. त्याचा परिणाम असा झाला की आता वाडीला जाणारे लपून जातात, आणि दवाखान्यात आल्यावर 'आत्ताच चावलं' म्हणून खोटी वेळ सांगतात. चार तास गेलेत की अर्धा, हे डॉक्टरला कळत नाही.

पाचवी तक्रार तुमच्या खात्याची नसेल कदाचित, तरी ती तुम्हीच पुढे न्यायला हवी. दवाखान्यात या म्हणता, तर रात्री तिथे कोण असतं? 'तिथे जाऊन काय उपयोग, पुढंच धाडतात' हा आमच्या गावातला समज आहे, आणि तो गैरसमज नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने माणसं डोळ्यांदेखत मरत होती. ते रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, नोंदी केल्या, पुढे प्राझोसिन हे औषध वापरलं आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. कोकणातल्या लोकांनी दवाखान्याची वाट धरली असेल तर ती वाचून घरी आलेल्या माणसाकडे बघून, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे तसा वाचून आलेला एखादा माणूस गावात उभा करा. तुमच्या हजार पत्रकांची मग गरज नाही.

हे सगळं फक्त सापाचं नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यात, देवदर्शनाला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी मारहाण केली. त्यांनी वाट विचारली होती, एवढंच. त्याआधी २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात तशाच संशयावरून पाच भिक्षेकरी ठार झाले. त्यानंतर फलक लागले, 'अफवांवर विश्वास ठेवू नका'. पुन्हा तेच. ते लोक कोण होते, असे फिरस्ते गावात दरसाल कुठून आणि का येतात, हे कुणी सांगितलं नाही. रिकामी जागा तशीच राहिली.

आणि तुमची ती एका तासाची व्याख्यानं. ग्रामसभेनंतर, लोक उठत असताना, पडद्यावर चित्रं. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रिनाथन या संशोधिकेने घरोघर जाऊन सुमारे तासाभराचं असंच प्रशिक्षण देऊन पाहिलं. खोट्या बातम्या ओळखण्यात एकंदरीत फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच शाळकरी मुलांबरोबर काही आठवडे वर्ग घेतले, आरोग्याबद्दलची खोटी माहिती कशी ओळखायची ते शिकवलं. त्याचा परिणाम काही महिन्यांनीही टिकला आणि मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोचला. बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला याचं नवल वाटत नाही. पाढे एका तासात येत नाहीत.

आता माझ्या मागण्या.

हे पत्रक मागे घ्या. जिथे फलक लागलेत तिथून उतरवा. 'सत्य घटना' ही चौकट आमच्या घराला न विचारता छापली होती, ती पुन्हा कुठेही नको. आणि इथून पुढे तुमच्या कुठल्याही मजकुरात 'अडाणी' हा शब्द नको.

नवं पत्रक काढा. त्याची पहिली ओळ करायच्या गोष्टीची असू द्या: चावलं की लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन, चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, थेट दवाखाना. दुखत नाही, सूज नाही, म्हणून थांबायचं नाही, कारण मण्यारीचं दुखेलच असं नाही. त्याखाली कवड्या आणि मण्यार शेजारी शेजारी छापा आणि लिहा, 'देवळात नेलेली माणसं का वाचतात'. हा मथळा वाचायला आमचं अख्खं गाव थांबेल. मी मजकूर लिहून देते, डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहा की या आठवड्यात रात्री प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर दोन्ही कुठे आहेत. जवळच्या केंद्रात नसतील तर तसं लिहा. खरं लिहिलं तर निदान चुकीच्या दारात अर्धा तास जाणार नाही.

वाडीच्या देवऋष्यांना बैठकीला बोलवा. जुने गेले, आता त्यांचा मुलगा बसतो. दहावी झालेला आहे, माझा विद्यार्थी. तो आलेल्या माणसाला 'आधी दवाखाना' म्हणाला तर ते ऐकतील, तुमचं किंवा माझं ऐकणार नाहीत. अंगारा लावायचाच असेल तर जीपमध्ये लावा, मला चालेल. यावर माझ्या पुरोगामी मित्रांशी माझे वाद झाले आहेत. 'ही तडजोड आहे' असं ते म्हणतात. आहे. त्या तडजोडीने २०१८ साली चार तास वाचले असते.

तालुक्यातल्या शाळांत दर वर्षी जूनपासून आठवड्याला एक तास, निदान सहा आठवडे, सर्पदंशाचा धडा घ्या. शिकवायला मी येईन, मानधन नको. मुलांना अफवेचा, फसव्या दाव्याचा थोडा अनुभव आधीच द्यावा. विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं की खोट्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधी देऊन तो खोडायला शिकवलं की मन लस टोचल्यासारखं तयार होतं. सहावीतलं पोर घरी जाऊन आजीला काय सांगतं, हे मी आमच्या सोप्यात पाहिलं आहे.

दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी 'आता आणलंत होय' असं नातेवाइकांना म्हणू नये, अशी लेखी सूचना काढा. आमच्या घराला ते त्या दिवशी म्हटलं गेलं होतं.

शेवटचं, तुमच्या अहवालात 'वाटलेली पत्रके' असा रकाना असतो. त्याऐवजी 'दंशानंतर किती वेळाने रुग्ण पोचला' हा रकाना घाला आणि तो आकडा दर वर्षी जाहीर करा.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. त्याआधी तुमची जी बैठक असेल तिचा दिवस मला कळवा. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवलं आहे. "बोलवत्यात तर मी बी येतो," म्हणाल्या. त्यांना खाली बसता येत नाही, एक खुर्ची ठेवावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वारणाकाठ, जि. सांगली